१४४ मेगाहर्ट्झवर कोणी नसतं

कॉम्प्युटरला जोडून रेडिओ ऐकायचा-बघायचा छोटा डोंगल विकत घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, "ते १४४ वर चोवीस तास काय चालू असतं हो?" स्क्रीनवर बारीक, सरळ, न हलणारी रेघ दिसते. तिच्यावर बोलणं नाही, गाणं नाही, साधी टकटकही नाही. उत्तर असं की तिथे कोणी नसतं. रेघ डोंगलनेच काढलेली असते. आतला ठोके देणारा क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा, त्याची पाचपट १४४. तिप्पट ८६.४, चौपट ११५.२, आणि वर ४३२ लाही हेच महाराज हजर. अँटेना काढून ठेवा, रेघा जागच्या हलत नाहीत.

रेडिओचे पट्टे चाळून कुठे, किती वाजता, किती जोरात काय चालू होतं याची नोंद ठेवणं हा माझा रिकामपणाचा उद्योग आहे. पोटासाठी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचे पॅनेल, ड्राइव्ह आणि कापडावर नक्षी विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डची कार्डं दुरुस्त करतो. घर नीलमनगरला. म्हणजे दिवसा ज्या यंत्रांची दुरुस्ती करायची, त्यांचीच कुरकुर रात्री गच्चीवरच्या अँटेनात ऐकायची. आई म्हणते, कारखान्यात पोट भरलं नाही म्हणून घरी आणलास.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे डोंगल मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी निघालेले. आत रिअलटेकची आरटीएल२८३२यू नावाची चिप. २०१२ च्या सुमारास अँटी पालोसारी या लिनक्सवाल्याच्या लक्षात आलं की एफएम ऐकवताना ही चिप कच्चे नमुने तसेच यूएसबीवरून ढकलते आणि पुढचं सगळं गणित कॉम्प्युटर करतो. ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि महागड्या रिसीव्हरची बरीचशी कामं टीव्हीच्या खेळण्यावर व्हायला लागली. माझ्याकडे आहे त्यात आर८२०टी जातीचा ट्यूनर आहे, साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ गाठतो.

गाठतो खरा, पण एकदम नाही. एका वेळी त्याला जेमतेम २.४ मेगाहर्ट्झ दिसतं. सगळा पल्ला चाळायचा तर सातशेच्या वर उड्या. एका उडीला ५० मिलिसेकंद धरले तरी फेरीला अर्ध्या मिनिटाच्या वर जातं. एक गुरखा, एक टॉर्च आणि सातशे खोल्यांची चाळ. गाडीच्या रिमोटचं बटण दाबलं की ४३३.९२ वर अर्धा सेकंद काहीतरी होतं आणि संपतं, तेवढ्यात टॉर्च दुसऱ्याच मजल्यावर असतो. म्हणून "मी सगळा स्पेक्ट्रम स्कॅन करतो" असं कोणी छाती फुगवून सांगितलं की मी मनात म्हणतो, म्हणजे कुठलाच करत नाहीस.

पट्टा छोटा घ्यावा आणि वारंवार बघावा. विमानांचा ११८ ते १३७, म्हणजे १९ मेगाहर्ट्झ, आठ उड्यांत संपतो. फेरी अर्ध्या सेकंदाच्या आत येते आणि पायलटचं दोन-तीन सेकंदांचं वाक्यही हातातून निसटत नाही. काइल कीनने लिहिलेला आरटीएल-पॉवर नावाचा छोटा प्रोग्रॅम या डोंगलच्या ड्रायव्हरसोबत मिळतो. एखादा पट्टा रात्रभर चाळून कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद होती याचे आकडे तो फाइलमध्ये ओतत बसतो. सकाळी त्या आकड्यांचं रंगीत चित्र करायचं. आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ. इथपर्यंत कुठल्याही व्हिडिओत सांगतात. पुढची भानगड सांगत नाहीत.

भानगड अशी की "सिग्नल आहे" हे ठरवायचं कशावरून? सोपा उपाय म्हणजे एक आकडा ठरवायचा, त्याच्या वर गेलं की सिग्नल, खाली असलं की नाही. माळरानावर एकटं घर असेल तर चालेल हे. सोलापूरच्या पूर्व भागात चालत नाही, कारण इथे खालची जमीनच वर-खाली होते. सकाळी कारखान्यांची पाळी सुरू झाली की शंभर मेगाहर्ट्झच्या खालचा सगळा पट्टा पाच-सहा डेसिबलने उचलला जातो. संध्याकाळी दिवे लागले की वरचे पट्टेही उचलले जातात. आकडा रात्रीच्या हिशोबाने लावला तर दिवसा वही गोंगाटानेच भरते, आणि दिवसाच्या हिशोबाने लावला तर रात्रीचे बारीक सिग्नल हरवतात.

यात मागाची मोटर मात्र बदनाम करू नका. ती बिचारी इंडक्शन, ब्रश नाही, ठिणगी नाही, रेडिओच्या दृष्टीने जवळजवळ मुकी. बोंब मारतो तो तिच्या मागे बसवलेला ड्राइव्ह, जो दर सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज कापत असतो, आणि ज्या लांबलचक केबलवरून तो मोटरला जोडलेला असतो ती केबल अँटेनाचं काम करते. शील्ड असलेली केबल टाका, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा, म्हणून मालकांना सांगून दमलो. "माग चालतोय ना? मग झालं." बरोबर आहे त्यांचं. माग रेडिओ ऐकत नाही.

दुसरा गुन्हेगार घराघरातला: एलईडी बल्ब, पट्ट्या, चार्जर, डिशच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर.

या दोघांना वेगळं करायची एक युक्ती आपल्याकडे फुकटात मिळते, ती म्हणजे लाइट जाणं. लॅपटॉप बॅटरीवर असतो, डोंगल त्याच्यावरच. लाइट गेली की माग क्षणात बंद, पण घरांतले दिवे इन्व्हर्टरवर लगेच पुन्हा पेटतात. म्हणजे त्या मिनिटाला गोंगाटाचा जो भाग धपकन खाली येतो तो मागांचा, आणि जो राहतो तो घरांचा. माझ्या गच्चीवर २४ ते ६० मेगाहर्ट्झमध्ये जवळजवळ सगळा मागांचा निघाला. दीडशेच्या पुढे उलटं, तिथे लाइट गेल्याचा पत्ताही लागत नाही. प्रयोगशाळेत बसून ही मोजणी करायची तर अख्ख्या गल्लीचे मेन स्विच पाडायला लागले असते. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की गल्ली शिव्या घालते आणि मी घड्याळात बघून वेळ टिपून ठेवतो. घरात हे कोणाला आवडत नाही.

तर उंबरठा असा लावतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक खिडकीची, म्हणजे पट्ट्याच्या प्रत्येक बारीक तुकड्याची, तुलना दोघांशी करायची. एक, त्याच क्षणी तिच्या आजूबाजूच्या खिडक्यांशी. दोन, त्याच खिडकीच्या मागच्या तासाभराशी. दोन्हीकडे सरासरी घ्यायची नाही, मध्यक, म्हणजे ओळीतला मधला आकडा, घ्यायचा, कारण एखादं दांडगं स्टेशन सरासरीला स्वतःबरोबर वर ओढून नेतं, मध्यक जागेवर राहतो. आता आजूबाजूपेक्षा उंच, पण तासाभरापूर्वीइतकंच उंच, तर तो कायमचा सिग्नल; आकाशवाणी सोलापूरचं १०३.४ घ्या. आजूबाजूपेक्षाही उंच आणि मघापेक्षाही उंच, तर नवीन काहीतरी आलं, टिपा. आणि आजूबाजू सगळंच मघापेक्षा उंच, पण ही खिडकी त्यांच्याएवढीच, तर पाळी सुरू झाली, सोडून द्या. माझ्या सगळ्या स्क्रिप्टचा जीव या तीन ओळींत आहे, बाकी फाइली उघडणं-मिटणं.

बारकावे दोनच सांगतो. नोंद उघडायला १० डेसिबल, पण मिटवायला ६. दोन्हीला एकच आकडा ठेवला तर काठावरचा सिग्नल सारखा आत-बाहेर करतो आणि एका माणसाच्या एका वाक्याच्या वहीत ढीगभर ओळी होतात. शिवाय बोलणारा श्वास घेतो तेवढ्यात नोंद मिटू नये म्हणून खाली गेल्यावरही दोन-तीन सेकंद थांबायचं. दुसरं, खिडकीची रुंदी. रुंदी निम्मी केली की त्या खिडकीतला गोंगाट ३ डेसिबलने उतरतो, पण अरुंद सिग्नल आहे तेवढाच राहतो, म्हणजे फुकटात उठून दिसतो. लोभाने फार अरुंद केलं तर मात्र एकच वॉकीटॉकी दहा खिडक्यांत सांडते. चॅनल साडेबारा किलोहर्ट्झचे असतील तर पाच-सहा किलोहर्ट्झच्या खिडक्या मला बऱ्या वाटतात.

हे सगळं करूनही भुतं येतात. आकाशवाणीचा टॉवर शहरातच, त्यामुळे डोंगलचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायची मात्रा, पूर्ण वाढवला की बिचाऱ्याला अजीर्ण होतं आणि एफएम स्टेशनं आपापसात मिसळून भलत्याच ठिकाणी उगवतात. ओळखायची रीत सोपी आहे. गेन ५ डेसिबलने कमी करा. खरा सिग्नल ५ नेच उतरेल. दोन स्टेशनांच्या मिसळीतून तयार झालेला पंधराएक डेसिबलने कोसळेल, कारण त्याची ताकद तिप्पट वेगाने बदलते. जो इतका घाबरून पडतो तो हवेत नव्हताच. नवीन काही दिसलं की वहीत लिहिण्याआधी मी ही परीक्षा घेतोच.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीवर पारा ४२-४३ च्या वर जातो, पत्र्याच्या डबीत डोंगल ठेवला तर आत काय होत असेल ते बघायला नको. साध्या डोंगलचा क्रिस्टल तापला की दहा लाखांत दहाने सहज सरकतो. शंभर मेगाहर्ट्झवर हा फरक १ किलोहर्ट्झ, ८६६ वर तोच साडेआठच्या वर. म्हणजे दुपारची नोंद आणि पहाटेची नोंद एकाच यंत्राच्या असून वहीत दोन चॅनल दिसतील. तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल असलेला डोंगल थोडे पैसे जास्त देऊन घ्यावा, या छंदात तेवढी एकच चैन करण्यासारखी आहे. नसेल तर मोबाइल टॉवरच्या जीएसएम सिग्नलशी ताडून चूक काढणारा कॅलिब्रेट नावाचा प्रोग्रॅम आहे, तो दिवसातून दोनदा चालवावा.

मागच्या वर्षी संध्याकाळी सातनंतर दीडशे ते एकशे सत्तरच्या मध्ये कंगव्याच्या दातांसारख्या रेघा यायला लागल्या. दोन रेघांतलं अंतर सगळीकडे सारखं, साठ-बासष्ट किलोहर्ट्झ. सुरुवातीची पंधरा मिनिटं सगळा कंगवा हळूहळू सरकायचा, मग स्थिर व्हायचा. यातून तीन गोष्टी बसल्या जागी कळतात: स्विचिंग सप्लाय (वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा अ‍ॅडॉप्टर) आहे, सेकंदाला साठ हजार वेळांच्या आसपास चालतो, आणि तो संध्याकाळी थंड अवस्थेतून चालू होतो. कुठे आहे तेवढं चालून शोधावं लागतं. लॅपटॉप पोटाशी धरून, आधी वीतभर अँटेना लावून, जवळ गेल्यावर ती काढून नुसत्या सॉकेटवर, गल्लीत फिरलो. सॉकेटवरही रेघा दिसायला लागल्या तेव्हा समोर शेजारच्या अण्णांचं टॉवेल-चादरीचं दुकान.

"काय करालास बे लॅपटॉप घेऊन? जनगणना हाय का?"

"अण्णा, तुमचा पाटीचा दिवा दोन मिनिटं बंद करता का?"

"ऐन गिऱ्हाइकाच्या टायमाला?"

केला शेवटी. कंगवा गेला. चालू केला, आला. अण्णांनी स्वतःच स्क्रीन बघत तीन-चार वेळा चालू-बंद करून घेतला; त्यांना ते गिऱ्हाइकापेक्षा मजेचं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी पाटीमागचा सप्लाय उघडला. छापील बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा नीट छापलेली, भोकं पाडलेली, आणि कॉइलच्या जागी तारेचे दोन तुकडे. शेजारी कपॅसिटरची जागा तर रिकामीच. बनवणाऱ्याने डिझाइन बरोबर केलं होतं, फक्त माल भरताना आठ-दहा रुपये वाचवले होते. मेलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली कॉइल आणि कपॅसिटर काढून त्या भोकांत बसवले, वायरवर फेराइटचा मणी चढवला. रेघा वीसेक डेसिबलने खाली. अण्णा आता नवीन दिवा आणला की आधी माझ्याकडे पाठवतात, "बघ बे, हा बोंबलतोय का."

आता वहीत खरोखर काय सापडतं ते.

विमानांच्या पट्ट्यात गंमत अशी की निम्मंच संभाषण येतं. पस्तीस हजार फुटांवरचं विमान चारशे किलोमीटरपर्यंत थेट नजरेत असतं, म्हणून पायलट दिसतो. त्याला उत्तर देणारा कंट्रोलर लांब जमिनीवर, क्षितिजाच्या खाली, तो दिसत नाही. १०९० मेगाहर्ट्झवर विमानं स्वतःची जागा आणि उंची सांगत असतात. ते वाचायला साल्वातोरे सानफिलिप्पोचा डम्प१०९० आहे. वहीतली बोलण्याची नोंद आणि आकाशातलं विमान जुळवून बघायला ते फार कामी येतं.

१३७ च्या पट्ट्यात पूर्वी रोज ठरलेल्या वेळी तिरप्या रेघा असायच्या, अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांच्या. उपग्रह जवळ येताना फ्रिक्वेन्सी किंचित वर, लांब जाताना खाली, म्हणून रेघ तिरपी. साध्या तारेच्या व्ही अँटेनावर ढगांचं चित्र उतरायचं. २०२५ च्या जूनमध्ये नोआ १८ बंद केला, ऑगस्टमध्ये १९ आणि १५. १५ तर १९९८ पासून फिरत होता. रात्रभराच्या चित्रात त्या जागा आता काळ्या आहेत. रशियाचे मिटिओर अजून चित्रं पाठवतात, पण त्यांचा सिग्नल डिजिटल, त्यात नोआसारखी ऐकू येणारी टिकटिक नाही. १४५.८ वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधीमधी बोलतं, तेव्हा जेमतेम दहा मिनिटांत साडेतीन किलोहर्ट्झ वरून साडेतीन किलोहर्ट्झ खाली अशी सुरेख वळलेली रेघ मिळते. ही रेघ खोटी असूच शकत नाही, कारण गल्लीतला कुठलाही चार्जर सेकंदाला साडेसात किलोमीटर पळत नाही.

थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची कोमट झाली की एफएमच्या मोकळ्या जागा भरायला लागतात. एकीकडे कन्नड, दुसरीकडे तेलुगू. सूर्य वर आला की दोन्ही गायब. बाहेरच्यांना याचं अप्रूप वाटतं. आमच्या गल्लीत तिन्ही भाषा बारा महिने ऐकू येतात, त्यासाठी हवा गार व्हावी लागत नाही.

गड्ड्याच्या दिवसांत, जानेवारीत, होम मैदानाजवळच्या मित्राच्या गच्चीवर मांडामांड करतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षतांच्या वेळी यूएचएफमध्ये कॉर्डलेस माइकची रांग लागते, एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावणाऱ्याने अंतरं किती हुशारीने ठेवलीत ते चित्रात दिसतं. आणि २७ मेगाहर्ट्झवर खेळण्यातल्या रिमोटच्या गाड्या. महागातली खेळणी २.४ गिगाहर्ट्झवर गेली, माझ्या डोंगलच्या पलीकडे, पण स्टॉलवरची स्वस्त गाडी अजून २७ वरच धावते. दोन पोरांनी शेजारी शेजारी एकसारख्या गाड्या घेतल्या की एकाच्या बटणावर दोन्ही पळतात, आणि मग रडारड.

"पोलिसांचं लागतं का?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतोच. मला हौशी रेडिओचा परवाना आहे, परीक्षा देऊन घेतलेला, त्यामुळे कुठे काय करायचं नाही हे तरी नीट शिकलोय. जे सर्वांसाठी प्रसारित होतं ते ऐकावं. पोलिस, रेल्वे, सुरक्षा यांचं बोलणं आपल्यासाठी नसतं. ते ऐकत बसणं, ध्वनिमुद्रित करणं, पुढे पाठवणं कायद्यातही बसत नाही आणि शिष्टाचारातही नाही. माझी स्क्रिप्ट आवाज साठवतच नाही. वहीत वेळ, फ्रिक्वेन्सी, रुंदी आणि आजूबाजूपेक्षा किती डेसिबल वर, एवढेच रकाने. ते पट्टे तर यादीतूनच वगळलेत. विचारणारा जरा हिरमुसतो आणि जेवायला जातो.

सध्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. ८६५ ते ८६८ हा आपल्याकडचा विनापरवाना पट्टा, पाणी-वीज मीटर, सेन्सर वगैरे तिथे असतात. तिथे ८६६ च्या थोडं खाली दर पंधरा मिनिटांनी एक छोटा, तिरका सरकणारा चिवचिवाट येतो, लोरा जातीचा, म्हणजे थोड्या ताकदीत लांब निरोप पोचवणाऱ्या पद्धतीचा. लाइट गेली तरी येतो, म्हणजे बॅटरीवर आहे. पावसात थोडा कमजोर होतो, म्हणजे बहुधा कुठल्या तरी झाडाआड आहे. रेल्वेलाइनच्या बाजूने अँटेना फिरवली की सगळ्यात जोरात. अशोक चौक ते नीलमनगरच्या पट्ट्यात कोणी बोअरवर, टाकीवर किंवा गच्चीवर असलं यंत्र बसवलं असेल तर सांगा. काढायला लावणार नाही, उलट त्याची वेळ फार नेमकी आहे. माझ्या लॅपटॉपचं घड्याळ सरकलं की मी त्यावरूनच ओळखतो.